भीतीवर बॉण्ड हा उपाय नव्हे

प्रश्न : मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. ग्रामीण भागासाठी आणि जिथे डॉक्टर पोहोचतच नाहीत अशा वस्त्यांसाठी प्राथमिक सेवेतले डॉक्टर तयार करायचे आहेत. त्यासाठी नवा अभ्यासक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं आहे. आत्ता मुलं दोन आठवडे आरोग्य केंद्रावर जातात, वही भरतात आणि परत येतात. शिकून बाहेर पडलेल्यांपैकी फार थोडे तिथे टिकतात. माझा एक अतिशय हुशार विद्यार्थी अशा केंद्रावर रुजू झाला आणि काही महिन्यांत सोडून आला. म्हणाला, "मॅडम, कामाचा त्रास नव्हता. चुकलो तर विचारायला कोणी नाही, या धास्तीनं रात्री झोप लागायची नाही." आमचे वरिष्ठ म्हणतात, हल्लीच्या मुलांत सेवाभाव उरलेला नाही, बॉण्डची, म्हणजे सक्तीच्या ग्रामीण सेवेची, मुदत वाढवा. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय करावं हेही नीट मांडता येत नाही. आणखी एक शंका आहे. मुलांना महिनोन्‌महिने लहान केंद्रावर ठेवलं तर त्यांचं शिक्षण कच्चं राहील का? लवकरच बैठक आहे. काय सांगू?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थ्यानं तुम्हाला खरं कारण सांगितलं आहे आणि ते बैठकीत सगळ्यांनी ऐकायला हवं. जमलं तर त्यालाच बोलवा. तो कामाला कंटाळून आलेला नाही. त्याच्यावर जी जबाबदारी पडली, तिची तयारी आपण त्याच्याकडून कधी करूनच घेतली नव्हती. मोठ्या रुग्णालयात त्यानं सगळं शिक्षण घेतलं. तिथे शंका आली की शेजारी सिनियर असतो, त्याच्यावर लेक्चरर आणि मग युनिटचे प्रमुख. तपासणी लिहिली की रिपोर्ट येतो. तिथून त्याला एकदम अशा खुर्चीत बसवलं जिथे निर्णय त्याचा एकट्याचा. मग झोप लागेल कशी? अशा ठिकाणी बिनधास्त झोपणाऱ्या नवख्या डॉक्टरची मला जास्त काळजी वाटली असती.

म्हणून सेवाभावाची चर्चा बैठकीत लांबू देऊ नका. बाहेर पडताना विद्यार्थ्याला नेमकं काय येतं आणि ते तो कुठे शिकला, इथून सुरुवात करा.

१९६१ साली अमेरिकेत केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. नऊ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो तो एक. २००१ मध्ये हाच हिशेब नव्यानं केला गेला, तेव्हाही चित्र जवळपास तसंच निघालं. आपण डॉक्टर घडवतो ते त्या एकावर. उरलेल्या २४९ जणांचं काय करायचं, हे विद्यार्थ्यानं आपलं आपण शिकावं अशी आपली अपेक्षा असते.

या २४९ जणांचं काम सोपं नसतं, ते वेगळं असतं. वॉर्डात येणारा पेशंट बहुतेक वेळा कुणीतरी आधी चाळून पाठवलेला असतो, त्याचा आजारही एव्हाना बराच उघड झालेला असतो. केंद्रावर माणूस येतो तो पहिल्या दिवशी, "अंग मोडून आलंय" एवढंच सांगत. त्यातल्या बहुतेकांचं चार दिवसांत आपोआप बरं होणार असतं, एखाद्याचा मात्र मेंदूज्वर असतो. छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्यांमध्ये मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हृदयविकाराचं प्रमाण जेवढं असतं, तेवढं केंद्राच्या ओपीडीत नसतं. लक्षण एकच असलं तरी ठिकाण बदललं की त्याचं वजन बदलतं. हे पुस्तकात वाचून कळतं, पण हाताला वळण लागतं ते तिथे बसूनच.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. दहा महिन्यांचं मूल, तीन दिवस खोकला, अंग कोमट. शिकाऊ डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो, छातीत थोडी घरघर ऐकू येते. एक्स-रे नाही. त्याच्या मनात दोनच वाटा येतात : अँटिबायोटिक लिहून मोकळं व्हायचं, नाहीतर मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. चांगला शिक्षक अशा वेळी त्याला स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावतो. मूल आईच्या मांडीवर शांत होऊ दे, झबलं वर कर, घड्याळ हातात घे आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. शेहेचाळीस आले. दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद, म्हणजे हे जलद नाहीत. मूल दोन वर्षांचं असतं तर मर्यादा चाळीसची, तेव्हा हेच शेहेचाळीस जलद ठरले असते. आता बघ, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का? नाही. अंगावर पितंय का? पितंय. सगळं उलटून पडतंय, झटके आलेत, सुस्त आहे? यातलं काही नाही. मग हा साधा सर्दी-खोकला. अँटिबायोटिकची गरज नाही आणि रेफर करायचीही नाही.

पण केस इथे संपत नाही, आणि मोठ्या रुग्णालयात नेमका हाच पुढचा भाग शिकवला जात नाही. माझा अंदाज बरोबर असेल तर पुढच्या दोन दिवसांत काय दिसेल? चुकीचा असेल तर मला ते कशावरून कळेल? आणि तसं झालं तर मी काय करीन? हे तीन प्रश्न स्वतःला विचारायची सवय ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या प्रशिक्षणात चांगली रुजली आहे. त्यांची उत्तरं आईला तिच्या भाषेत सांगायची : श्वास जोरात चालू लागला, छाती ओढायला लागलं, दूध तोंडात धरेना, ताप चढला, तर वाट बघू नका, लगेच आणा. मग तिलाच विचारायचं, "कधी आणायचं, सांगा बरं मला." तिनं नीट सांगितलं तर सल्ला पोहोचला. तुमच्या विद्यार्थ्याच्या धास्तीवर औषध आहे ते हे. अनिश्चितता कधीच पूर्ण जात नाही, पण तिला सांभाळायची रीत असते, आणि ती रीत शिकवता येते, परीक्षेत तपासताही येते.

आता दोन आठवड्यांच्या पोस्टिंगबद्दल. ते बंद केलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन आठवड्यांत मुलाला तिथे काय नाही तेवढंच दिसतं : यंत्र नाही, तज्ज्ञ नाही, औषध संपलंय. तिथला डॉक्टर काय करू शकतो हे दिसायला महिने लागतात. बीपीचा पेशंट तिसऱ्यांदा येतो तेव्हा कळतं की गोळ्या तो फक्त डोकं दुखलं की घेत होता. पाचव्या महिन्यात तपासलेली बाई बाळंत होऊन बाळाला लसीसाठी घेऊन येते. ज्याला "काही नाही, गॅस असेल" म्हणून परत पाठवलं, तो पुन्हा त्याच तक्रारीसाठी समोर उभा राहतो. आपल्या निर्णयाचं पुढे काय झालं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, यासारखा दुसरा शिक्षक नाही. वॉर्डाच्या रोटेशनमध्ये विद्यार्थी पुढच्या विभागात गेलेला असतो, त्यामुळे हे त्याच्या वाट्याला येतच नाही.

आणि हे करून पाहिलं गेलं आहे, नवा जुगार नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठानं १९७१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सलग नऊ महिने एकाच ग्रामीण ठिकाणी ठेवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठानं १९९७ मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांचं जवळजवळ अख्खं क्लिनिकल वर्ष रिव्हरलँड भागातल्या जनरल प्रॅक्टिसमध्ये हलवलं. तिथे मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती असे वेगळे तुकडे नव्हते. दारात जो येईल त्याच्याकडून सगळे विषय एकत्र शिकायचे. शिक्षण कच्चं राहील ही तुमची शंका तेव्हा तिथेही होतीच. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांच्या परीक्षेच्या गुणांची तुलना छापून आली. गावात शिकलेली मुलं मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या बरोबरीच्या मुलांच्या मागे पडली नव्हती, उलट त्यांचे गुण सुधारले होते. बैठकीला जाताना हा दाखला सोबत ठेवा. हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारणारच.

मात्र एक अट आहे, आणि त्यात तडजोड करू नका. जिथे चांगला शिक्षक नाही, तिथे विद्यार्थी पाठवू नका. यादी मोठी दिसावी म्हणून तीस केंद्रं निवडण्यापेक्षा तीन निवडा, पण तिथला डॉक्टर पेशंटशी नीट बोलणारा, नोंदी ठेवणारा, "मला माहीत नाही, बघून सांगतो" असं मोकळेपणानं म्हणणारा असू द्या. मुलं त्याचा सल्ला ऐकतीलच असं नाही, पण त्याला बघून ठरवतील की असं आयुष्य जगण्यासारखं आहे का. तो दमलेला, वैतागलेला, शहरात बदली मागणारा असेल, तर मुलं तेच शिकून परत येतील.

त्या डॉक्टरला शिक्षकाचं पद द्या, मानधन द्या आणि शिकवण्यासाठी ओपीडीतून वेळ काढून द्या. "येता-जाता शिकवा हो" असं म्हणून भागणार नाही. गर्दीच्या ओपीडीत शिकवायच्या पद्धतीही आहेत. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये एक पद्धत मांडली, ती मिनिटभरात होते. आधी विद्यार्थ्याकडून निर्णय वदवून घ्या : "तुला काय वाटतं, काय करशील?" मग, "कशावरून?" मग एकच नियम शिकवा, दहा नाही. नेमकं काय बरोबर केलं ते सांगा, नेमकं काय चुकलं तेही सांगा. वरच्या खोकल्याच्या मुलाला हे लावून बघा. विद्यार्थी "अँटिबायोटिक देईन" म्हणाला की शिक्षक लगेच उत्तर सांगत नाही, "श्वास किती मोजलेस?" असं विचारतो. उत्तर आपण सांगून टाकलं तर मुलं ऐकायला शिकतात, निर्णय घ्यायला शिकत नाहीत. तुमच्या हुशार विद्यार्थ्याचं इथेच अडलं असावं, असा माझा कयास आहे.

प्रवेशाबद्दल पत्रात तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तो विषय टाळून हा अभ्यासक्रम उभा राहणार नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजनं १९७४ पासून एक वेगळी वाट ठेवली : जी मुलं ग्रामीण भागात वाढली आहेत आणि ज्यांना फॅमिली डॉक्टर व्हायचं आहे, त्यांच्यासाठी काही जागा. बावीस वर्षांचा आढावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातल्या सात मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या सगळ्या डॉक्टरांत या वाटेनं आलेले होते जेमतेम एक टक्का. पण त्या कॉलेजांतून शिकून राज्याच्या ग्रामीण भागात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करणाऱ्यांमध्ये ते होते २१ टक्के. म्हणजे कोण टिकणार याचा मोठा भाग अभ्यासक्रम सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. अशा मुलांना घ्यायचं तर पहिल्या वर्षी त्यांना आधार द्यावा लागतो, भाषेचा, अभ्यासाच्या पद्धतीचा आणि पैशांचाही. तो न देता नुसत्या जागा राखल्या तर मुलं गळतात आणि मग त्यांच्याकडेच बोट दाखवलं जातं. तो अन्याय होऊ देऊ नका.

आता बॉण्ड. तुमच्या वरिष्ठांना जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यापीठाचं उदाहरण माहीत असू शकतं. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून मोजके विद्यार्थी निवडले जातात, त्यांची फी भागवली जाते आणि त्या बदल्यात त्यांनी साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात सेवा द्यायची असते, त्यातला मोठा काळ डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात. बहुसंख्य मुलं ती पूर्ण करतात. पण तिथे बंधन एकटं येत नाही. निवड त्यासाठीच झालेली असते, शिक्षणही तसंच असतं, आणि सेवेच्या काळात पुढचं प्रशिक्षण घ्यायची सोय असते. आपण यातलं फक्त बंधन उचललं तर हाती येईल तो मुदत मोजत बसलेला डॉक्टर. आपल्यासमोरचा डॉक्टर दिवस मोजतोय हे पेशंटला कळतं. बॉण्ड ठेवायचाच असेल तर त्यात महाविद्यालयाची बाजूही लिहा : आम्ही काय शिकवू, रात्री फोन कोण उचलेल, रजेवर गेलास तर बदली डॉक्टर कोण देईल.

रात्रीच्या फोनवर मी अडून बसेन. शिक्षण पदवीच्या दिवशी संपत नाही, विशेषतः पहिल्या वर्षात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी जे उभं केलं ते बघा. तज्ज्ञांकडे जायला पेशंटना महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. त्यांनी दूरच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवलं आणि प्रत्येकाच्या केसवर सगळ्यांनी बोलायचं असं ठरवलं. २०११ मध्ये ४०७ पेशंटचे निकाल छापून आले : विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के बरे झाले, दूरच्या केंद्रांवर ५८.२ टक्के. तज्ज्ञ जागचे हलले नाहीत, पेशंटही हलले नाहीत, फक्त ज्ञान पोहोचलं. तुमच्या महाविद्यालयाला हे सुरू करायला मोठी इमारत लागणार नाही. दर आठवड्याला एक ठरलेली वेळ आणि नाव घेऊन बोलावता येईल असा एकेक जबाबदार तज्ज्ञ एवढं पुरे.

त्याच जोडीला रेफर केलेल्या पेशंटच्या परतीच्या चिठ्ठीचा आग्रह धरा. केंद्रावरून पाठवलेल्या माणसाचं मोठ्या रुग्णालयात काय निदान झालं हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. चार ओळी परत आल्या तरी तो डॉक्टर पुढच्या वेळी जास्त चांगला निर्णय घेतो. हे खर्चाचं काम नाही, शिस्तीचं आहे.

आणखी एक. हा अभ्यासक्रम एकट्या डॉक्टरांचा ठेवू नका. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना स्वतंत्रपणे मुलं तपासण्यासाठी तयार केलं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात नौदलातल्या माजी वैद्यकीय मदतनिसांना हाताशी धरून फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासणाऱ्या सहायकांचा, पहिला वर्ग भरला. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं आणि त्यांनी ते करून दाखवलं. केंद्रावर बरीच वर्षं काढलेली नर्स नव्या डॉक्टरला बाळाचा पहिला श्वास कसा सुरू करून द्यायचा हे जितकं चांगलं शिकवेल, तितकं क्वचितच कुणी शिकवेल. तिच्याकडून शिकायची वेळ तुमच्या वेळापत्रकात लिहिलेली असू द्या, आणि तिनं दिलेले गुण धरले जाऊ द्यात. असं शिकलेला डॉक्टर पुढे एकटा पडत नाही, कारण शेजारी कोण आहे हे त्याला दिसायला लागलेलं असतं.

घर, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, रजा, सुरक्षितता या गोष्टी प्रशिक्षणानं सुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की शिक्षण, नियम, पैसा आणि आधार हे सगळं एकत्र लागतं. तुमच्या बैठकीच्या हातात ते सगळं नसेल, पण इतिवृत्तात लिहून घ्या, म्हणजे उद्या कुणी टिकलं नाही तर सगळं खापर अभ्यासक्रमावर फुटणार नाही.

मुलांना त्यागाची भाषणं देऊ नका, एवढी विनंती. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी एकेका प्रौढाचं बीपी मोजलं, नोंदी ठेवल्या, कोण आलं नाही त्याचा माग काढला, आणि हे वर्षानुवर्षं केलं. शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत तिथे अकाली मृत्यू कमी झाल्याचं पुढे दिसून आलं. हे पहिल्या दर्जाचं विज्ञान आहे आणि एका लहान दवाखान्यातून झालं आहे. मुलांना हे काम असं दाखवा. प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या केंद्राच्या हद्दीतला एक प्रश्न निवडू द्या, वर्षभर मोजू द्या, काय बदललं ते मांडू द्या.

बैठकीत एकदम सगळं मागू नका. पहिल्या वर्षी स्वतःहून पुढे येणारी चार-सहा मुलं, दोन-तीन चांगली केंद्रं, सलग नऊ महिने, तिथल्या डॉक्टरला शिक्षकाचं पद, आठवड्याची केस-चर्चा आणि रात्रीचा एक फोन नंबर, एवढं मंजूर करून घ्या. परीक्षा मात्र इतर मुलांचीच ठेवा, तीच प्रश्नपत्रिका, तेच परीक्षक. गुण समोर आले की शिक्षण कच्चं राहण्याचा वाद तुम्हाला घालावा लागणार नाही. बैठकीत काय ठरलं ते जरूर कळवा. केंद्रांवरच्या शिक्षकांचं प्रशिक्षण कसं करायचं हा प्रश्न पुढे येईलच, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.